रविवारचा खोकला

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. महिन्याभरातच एक ट्रंक, दोन वळकट्या आणि आईने दिलेला पाटा-वरवंटा घेऊन आम्ही यवतमाळहून मोटारीने दोन तासांवरच्या एका गावी उतरलो. ख्रिस्ती मंडळीचे पाळक म्हणून माझ्या नवऱ्याची ती पहिलीच नेमणूक. गावातले सगळे त्यांना पाळकसाहेब म्हणत. चारचौघांत मीही तेच म्हणायचे, म्हणून इथेही तेच म्हणते.

गावात कापसाची सरकी काढणारे दोन जिन, मिशनचा एक दवाखाना, शुक्रवारचा बाजार आणि आमची तीस-पस्तीस ख्रिस्ती घरं. आमचं देऊळ म्हणजे पूर्वीचं कापसाचं गोदाम. वर टिनपत्रे, खाली सारवलेली जमीन, तिच्यावर सतरंज्या. डावीकडे पुरुष बसत, उजवीकडे बाया. कोपऱ्यांतून अजून सरकीचा वास यायचा. मी तिथल्या प्राथमिक शाळेत दुसरीचा वर्ग सांभाळत होते आणि रविवारी, पाळकाची बायको म्हणून, बायांच्या पहिल्या ओळीत बसत होते.

पाळकसाहेब नगरकडचे. यवतमाळला शिकायला आले आणि इकडचेच झाले. माणूस चांगला होता, हे मी बायको म्हणून सांगत नाही. कोण तापाने पडलंय हे त्यांना दवाखान्याच्या आधी कळायचं. विहिरीत पडलेली बादली काढण्यापासून सासू-सुनेचं भांडण मिटवण्यापर्यंत लोक त्यांनाच बोलवायचे. ओसरीवर बसून काही सांगू लागले की ऐकणाऱ्याचा चहा थंड व्हायचा. पण रविवारी उपदेशाला पुलपिटाच्या उंच मेजामागे उभे राहिले की हाच माणूस कुठे जायचा कोण जाणे. मान कागदात जायची आणि आवाज कॉलरमध्ये. कागदावर सगळी पुस्तकी भाषा: तद्वतच, किंबहुना, उपरोल्लेखित. आमची मंडळी 'मले-तुले' बोलणारी. एका म्हातारीने मला खरोखर विचारलं होतं, की हा किंबहुना बायबलात कोणाचा पोरगा होता.

पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या मिनिटाला डुलक्या सुरू व्हायच्या. जागे राहत ते फक्त गार्डसाहेब. ते जंगलखात्यातून निवृत्त झालेले, मंडळीच्या पंचांत सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांच्याकडे खिशातलं घड्याळ होतं. उपदेश चालू असताना ते बाहेर काढत, झाकण टक्कन उघडत, पाहत आणि टक्कन बंद करत. त्या शांत गोदामात ती टकटक पुलपिटापर्यंत नीट पोचायची.

रविवारी दुपारी पाळकसाहेब जेवत नसत. भिंतीकडे तोंड करून पडत. सोमवारी म्हणत की आपण वरिष्ठांना लिहून दवाखान्यात औषधांच्या कपाटाचं काम मागून घेऊ, बाटल्या तरी झोपत नाहीत. मी हसायचे. पण चौथ्या का पाचव्या सोमवारी त्यांनी खरोखर कागद काढला, तेव्हा माझं हसू गेलं.

त्याच आठवड्यात बुधवारी बायांची प्रार्थनासभा होती. ती आमच्या बायबलबाई घेत. त्या साठीच्या होत्या. खांद्याला पिशवी अडकवून आठवडाभर खेडी पालथी घालत, बायकांना शास्त्र वाचून दाखवत. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. त्या दिवशी त्यांनी बायबलातल्या बर्णबाचा धडा घेतला. पौल आधी ख्रिस्ती लोकांना छळायचा, म्हणून तो बदलल्यावरही त्याच्यावर कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं, तेव्हा या बर्णबाने त्याला जवळ केलं, म्हणून त्याचं नावच धीर देणारा असं पडलं. ख्रिस्ती माणसाने एकमेकांना धीर द्यावा, पडलेल्याला उभं करावं, हे काही फक्त पाळकाचं काम नाही, असं मावशी म्हणाल्या. मी मान डोलावली. पुढचं सगळं त्या मान डोलावण्यातून निघालं. मावशी आणखीही काही सांगत होत्या, पण माझं लक्ष केव्हाच उडालं होतं. मला युक्ती सुचली होती.

सभा संपल्यावर मी दोघींना मागे थांबवलं. एक दवाखान्यातली नर्सबाई. ती माझ्याच वयाची, यवतमाळचीच, आणि चेहरा दगडासारखा ठेवून थट्टा करण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. दुसरी जिनात काम करणारी एक बाई, जिला सगळे जिनवाली म्हणत. यंत्रांच्या धडधडीत बोलून बोलून तिचा आवाज असा झाला होता, की ती कानात सांगायला लागली तरी पलीकडच्या ओळीला ऐकू जायचं.

मी त्यांना म्हटलं, पाळकसाहेबांना धीर द्यायचा आहे. त्यांना वाटलं पाहिजे की कोणी तरी ऐकतंय. जिनवालीने 'आमेन' म्हणायचं. नर्सबाईने मान डोलवायची आणि जमलं तर डोळ्यांना पदर लावायचा. केव्हा, हे कळावं म्हणून मी खोकेन. उपदेशाचा कागद शनिवारीच घरात असतो, तो मी वाचून ठेवीन.

जिनवालीने विचारलं, "समजलं नाई तरी म्हणायचं काय?"

मी म्हटलं, समजलं नाही तर जास्तच जोरात म्हणायचं.

पहिल्या रविवारी घोटाळा झाला. उपदेशाआधी सूचना वाचायच्या होत्या. बोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा पूल खचला आहे, गाड्या वरच्या वाटेने न्याव्यात, अशी एक सूचना होती. मला तेव्हा खरोखरचा खोकला आला. जिनवाली कडाडली, "आमेन." नर्सबाईने तत्काळ पदर डोळ्यांना लावला. पुरुषांच्या बाजूचे सगळे दचकून जागे झाले. पूल खचला याचा इतका आनंद आणि इतकं दुःख एकाच ओळीत कसं, हे कोणालाच कळेना. पाळकसाहेबांनी मान वर करून पाहिलं. पहिल्यांदाच त्यांनी कागद सोडून माणसांकडे पाहिलं होतं.

मग उपदेशात मी जागा पाहून चार वेळा खोकले. चारही आमेन नीट पडले. तिसऱ्यानंतर पाळकसाहेबांचा आवाज कॉलरमधून वर आला. चौथ्यानंतर त्यांनी एक हात उचलला आणि आता त्याचं काय करावं हे न सुचून परत खाली ठेवला. त्या दुपारी ते तीन भाकरी जेवले. जेवता जेवता म्हणाले की मंडळीत आज पवित्र आत्म्याचं काही तरी चाललं होतं. मी वांग्याची भाजी वाढत होते. मी म्हटलं, मलाही तसंच वाटलं.

दिवाळीपर्यंत गाडी जोरात चालली. बाकीच्या बायांनाही चटक लागली. कोणी काही न सांगता दुसऱ्या ओळीतून 'हो, हो' येऊ लागलं. पुरुषांना झोपणं अशक्य झालं, म्हणून ते ऐकू लागले. पाळकसाहेबांचे दोन्ही हात मोकळे झाले. आधी पंधरा मिनिटं असलेला उपदेश अर्धा तास झाला, मग पाऊण, आणि एका रविवारी बायबलातल्या उधळ्या पुत्राला परमुलखात डुकरं राखण्यापासून बापाच्या घरी पोचायला सव्वा तास लागला. भाषा मात्र तीच राहिली. किंबहुना, वाढली.

माझ्या खोकल्याचीही चर्चा होऊ लागली. गार्डसाहेबांच्या घरून अडुळशाचा काढा आला. कोणी ज्येष्ठमध दिलं. पाळकसाहेबांना काळजी लागली की हा खोकला बरोबर रविवारी सकाळीच कसा उसळतो. देवळातल्या सरकीच्या धुळीचा असावा. त्यांनी मला दवाखान्यात नेलं. नर्सबाईने माझी जीभ पाहिली, घसा पाहिला, तोंडाची एक रेषही हलू दिली नाही आणि कडू औषधाची मोठी बाटली दिली. दिवसातून तीन वेळा, दोन चमचे, पाळकसाहेबांनी स्वतः पाजावं, असंही सांगितलं. त्यांनी पंधरा दिवस स्वतः पाजलं. मी त्या बाईला अजून माफ केलेलं नाही.

कापसाचा मोसम सुरू झाला आणि सव्वा तास लोकांना जड जाऊ लागला. मोसमात जिन रविवारीही चालायचा. बाराला भोंगा व्हायचा आणि उशिरा आलेल्या बाईला मुकादम फाटकातूनच परत लावायचा. एका रविवारी जिनवाली आणि आणखी तिघी अशा परत आल्या. घरोघर वरण करपत होतं. शेवटी एक दिवस विहिरीवर बायांनी मला घेरलं. एक जण म्हणाली, "पाळकीणबाई, हे तुमीच सुरू केलं, आता तुमीच थांबवा."

मी थांबवलं. म्हणजे खोकले नाही. सगळ्या बाया मातीच्या बाहुल्यांसारख्या बसून राहिल्या. पाळकसाहेबांनी जोरात सुरुवात केली, पहिल्या आमेनच्या जागी थांबले, वाट पाहिली. गोदामात फक्त गार्डसाहेबांचं घड्याळ टक्कन वाजलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीची वीण पाहत होते. नऊ मिनिटांत उपदेश आटोपला. भोंग्याला बराच वेळ होता, तरी कोणी खुशीत घरी गेलं असं मला वाटलं नाही. ते दुपारी जेवले नाहीत.

मंगळवारी ते बाजाराच्या रस्त्याने येत असताना जिनवाली भेटली. त्यांनी तिला थांबवून मनापासून सांगितलं, की ताई, तुमच्या आमेनने मला फार बळ मिळायचं, या रविवारी तो आला नाही, माझं काही चुकलं का? जिनवालीला खोटं बोलता येत नसे. तिने सरळ सांगून टाकलं, "तुमचं नाई चुकलं जी. पाळकीणबाई खोकलल्याच नाई. त्या खोकलल्या का मले आमेन म्हणा लागते."

मी चुलीपुढे होते. ते आत आले, चप्पल काढली, पाण्याचा तांब्या घेतला आणि न पिता तसाच खाली ठेवला. मग माझ्यासमोर पाटावर बसले आणि शांतपणे म्हणाले, "एकदा खोक बरं."

मी खोकले नाही. तव्यावरची भाकर मात्र जळली. मी सगळं सांगितलं, पहिल्या बुधवारपासून. सांगताना अधूनमधून मला हसू येत होतं आणि ते हसत नव्हते, म्हणून ते जास्तच येत होतं. पूल खचल्याच्या आमेनपाशी त्यांचा ओठ थोडा हलला. मग ते म्हणाले, "म्हणजे ते औषध मला पाजायला हवं होतं." आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसले.

दोन दिवस घरात मीठ, पाणी, दिवा एवढंच बोलणं झालं. मला वाईट वाटत होतं, पण खरं सांगायचं तर थोडा रागही होता. मी काय वाईट केलं होतं? माणूस पडला होता, मी त्याला उभं केलं. हेच गाऱ्हाणं घेऊन मी मावशींकडे गेले. त्या अंगणात बसून फाटलेल्या वहाणेला दोरा घालत होत्या. मला वाटलं होतं त्या माझी पाठ थोपटतील. त्यांनी मला विचारलं, की बर्णबाच्या धड्यात त्यांनी पुढे काय सांगितलं होतं. मला आठवेना. मग त्यांनीच परत सांगितलं, की बर्णबाने पौलाची स्तुती केल्याचं कुठं लिहिलेलं नाही. त्याने त्याचा हात धरला आणि त्याला घेऊन चार माणसांत गेला.

मग वहाण खाली ठेवून म्हणाल्या, "पोरी, बैल नुसता अडला असल तं पाठीवरून हात फिरवावा. गाडी चिखलात फसली असल तं खाली उतरून चाकाला हात लावा लागते. तू वरतं बसूनच वा वा करून राह्यली."

काळ्या मातीत फसलेली गाडी आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेली असते. पण मावशी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या आणि पाळकसाहेबांना म्हणाल्या, उद्या पलीकडच्या पोडावर जायचं आहे, पिशवी जड झाली आहे, उचलायला चला. पोड म्हणजे कोलाम लोकांची वस्ती, सहा मैलांवर. मावशींची पिशवी कधीही जड नसे. तरी ते गेले.

तिथे काय झालं ते मला मावशींकडूनच कळलं. वस्तीवरच्या लोकांना मराठी थोडी थोडीच येत होती. मावशींनी बाजेवर बसून पाळकसाहेबांना सांगितलं की एका हरवलेल्या मेंढरासाठी बाकीचा कळप मागे ठेवून जाणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट तुम्ही सांगा. यांनी सुरुवात केली, "उपरोल्लेखित कळपातील" आणि समोरच्या म्हाताऱ्याने मावशींकडे असं पाहिलं, की या माणसाला बरं नाही का. मग यांनी परत सुरुवात केली. मेंढराऐवजी बकरी केली. रान तिथलंच घेतलं, नाला तिथलाच घेतला. मध्येच म्हाताऱ्याने हटकलं की त्या नाल्याकडे बकरी जाणारच नाही, तिकडे चारा नाही. यांना बकरी दुसऱ्या बाजूला न्यावी लागली. गोष्ट दहा मिनिटांत संपली आणि म्हाताऱ्याने विचारलं की मग मागं ठेवलेल्या बकऱ्या कोणी सांभाळल्या. त्यावर तासभर बोलणं चाललं.

परत आल्यावर ते माझ्याशी बोलले. म्हणाले, "आता तू खरं सांग. काय काय ऐकू येत नाही?"

मी सांगितलं. आवाज, कागद, किंबहुना. त्यांनी एकेक गोष्ट ऐकून घेतली. किंबहुनाचं ऐकून मात्र त्यांना खरंच लागलं. तो शब्द त्यांना फार आवडायचा. लांबीचं काय करायचं हे विचारल्यावर मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही, ते घड्याळवाल्यांना विचारा. मी चिडवायला म्हटलं होतं. ते खरोखर गार्डसाहेबांकडे गेले.

गार्डसाहेब आमचे वैरी आहेत असं मी धरूनच चालले होते. पाळकसाहेबांनी त्यांना विनंती केली, की तुम्ही पहिल्या ओळीत बसा, वीस मिनिटं झाली की बोट वर करा, आणि सोमवारी येऊन काय कळलं नाही ते मला सांगा. म्हाताऱ्यांनी खिशातलं घड्याळ काढून हातात धरलं. मग म्हणाले, "नोकरी सुटल्यापासून मले कोणं काही विचारलंच नाई, साहेब. मी तं तिथं बसून येळच मोजत होतो."

हे ऐकून मी ओशाळले. दर रविवारी मी बारीक नजरेने देऊळभर पाहत होते, कोण झोपलं, कोण जागं, आमेन कुठे पाडायचा. या माणसाकडे मी फक्त त्याच्या घड्याळापुरतं पाहिलं होतं. त्यांच्याच घरचा अडुळशाचा काढा मी परसात ओतला होता, तेही आठवलं.

त्या रविवारी पाळकसाहेब कागदाशिवाय उभे राहिले. बकरीची गोष्ट सांगायची होती. पहिल्या वाक्याआधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी गंभीर चेहऱ्याने, आणि मोठ्याने खोकले. जिनवालीच्या तोंडून सवयीने आमेन गेलाच. बायांची अख्खी बाजू हसून फुटली. खोकल्याची गोष्ट पुरुषांनाही कळलेली असावी, कारण तेही हसत होते. नर्सबाई पदर डोळ्यांना लावून होती आणि या वेळी पाणी खरं होतं. गार्डसाहेबांनी बोट वर केलं तेव्हा उपदेश थोडा उरला होता. पाळकसाहेब तिथेच थांबले. म्हणाले, बाकी कोणाला पाहिजे असेल तर ओसरीवर या. सहा जण आले.

ते काही फार मोठे वक्ते झाले नाहीत. काही रविवार पडेलच जायचे. पण सोमवारी गार्डसाहेब यायचे, ओसरीवर बसायचे आणि घड्याळ न काढता दोन-दोन तास बोलायचे. औषधांच्या कपाटाचा विषय परत निघाला नाही. जिनवाली मनाला येईल तेव्हा आमेन म्हणायची. तो क्वचित यायचा, पण आला की पाळकसाहेब घरी येऊन मला सांगत, आज एक खरा मिळाला.

दोन वर्षांनी, महाराष्ट्र झाला त्या सुमारास, मला बायांच्या संमेलनात बोलायला सांगितलं. विषय होता, एकमेकींना धीर देणं. मला वाटलं, या विषयातलं आपल्याला बरंच कळतं. मी आठ दिवस तयारी केली आणि चाळीस मिनिटं बोलले. बाया चांगल्या ऐकत होत्या असं मला वाटलं. पाळकसाहेब मागे दाराशी उभं राहून ऐकत होते. परत येताना बैलगाडीत मी त्यांना विचारलं, कसं झालं?

ते म्हणाले, "पहिली दहा मिनिटं फार चांगली होती."

मी त्यांच्याशी बुधवारपर्यंत बोलले नाही. गुरुवारी सकाळी शाळेत जायच्या आधी मी भाषणाचे कागद काढले, त्यांच्यापुढे टाकले आणि विचारलं की उरलेल्या तीस मिनिटांत झालं काय होतं. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली, चष्मा लावला आणि सरकून मला सतरंजीवर जागा केली. त्या दिवशी दुसरीच्या पोरांची शाळा अर्ध्या तासाने उशिरा भरली.